उजव्या कानाची साक्ष

मी एक कानातलं यंत्र बोलतोय. दचकू नका. जन्मभर माझा धंदा ऐकण्याचा, बोलण्याचा नाही. म्हणजे एकदा बोललो होतो, अर्ध्या सेकंदापुरता, तेही भर सभागृहात, अध्यक्षांची परवानगी न घेता. पण ते पुढे येईलच.

मला डोळे नाहीत. त्यामुळे अमका कसा दिसायचा, तमकीचा झगा कोणत्या रंगाचा होता, असलं काही माझ्याकडून मिळणार नाही. माझ्याकडे आहेत ते आवाज. मी आकाराने काजूएवढा, आणि माझा रंग माणसाच्या कातडीसारखा आहे, असं कारखान्यात म्हणत. माझ्या मालकांच्या पत्नी ऊनाकाकू म्हणतात, "असल्या रंगाची कातडी फक्त उकडलेल्या खाऱ्या मांसाची असते." मी दोन्ही मतं ऐकून ठेवली आहेत.

माझे मालक हेडली डर्नफर्ड. न्यूफाउंडलंडच्या दक्षिण किनाऱ्यावरच्या ग्रे टिकल गावचे, आणि बावीस वर्षं त्या भागाचे आमदार. गावात त्यांना सगळे हेडलीकाका म्हणत, त्यांच्याहून वयाने मोठे असलेलेसुद्धा. मी त्यांच्या उजव्या कानात पंधरा वर्षं राहिलो. त्याआधीचं सगळं मला ऐकीव आहे. पण ऐकीव हाच माझा पेशा.

काका बाराव्या वर्षापासून वडिलांच्या होडीवर. होडीला एका सिलिंडरचं इंजिन, आणि सुकाणू धरून बसलं की ते बरोबर उजव्या हाताला यायचं. ठक्-ठक्-ठक्, सकाळपासून संध्याकाळपर्यंत, पंचवीस वर्षं. कॉड मासा भरपूर मिळाला आणि उजवा कान गेला. पुढे सरकारने कॉड धरायलाच बंदी घातली. तेव्हा काका म्हणाले होते म्हणे, "मासा गेला, कान गेला, इंजिन तेवढं ठणठणीत आहे."

बंदीनंतर चर्चच्या हॉलमध्ये सभांवर सभा झाल्या. जो तो उभा राहून ओरडायचा. काका एका कोपऱ्यात गप्प बसून असायचे, तोंडात पेपरमिंट. चार सभांनंतर लोक म्हणायला लागले, "या हेडलीचं बरं आहे बघ. एकटा हाच सगळ्यांचं शांतपणे ऐकून घेतो." खरी गोष्ट अशी की काका चुकीच्या कोपऱ्यात बसत होते, उजवा कान सभेकडे करून. त्यांना काहीही ऐकू येत नव्हतं. लोकांनी त्यांना निवडणुकीला उभं केलं आणि निवडूनही आणलं.

आमदारकीला लागणारी एकच गोष्ट काकांकडे आधीपासून होती. ते कुणालाही तोंडावर नाही म्हणत नसत. काहीही विचारा, उत्तर एकच: "हो रे बाबा." आमच्या किनाऱ्यावर या तीन शब्दांचा अर्थ होकार होतो, नकारही होतो, आणि 'तुझं डोकं ठिकाणावर आहे का' असाही होतो. सगळं हेलावर असतं. काकांचे अकरा हेल मी मोजले आहेत. धक्का दुरुस्त होणार का? हो रे बाबा. नर्स दर आठवड्याला येणार का? हो रे बाबा. माणसं समाधानाने घरी जायची आणि चहा पिताना त्यांच्या लक्षात यायचं की आपल्याला काहीच सांगितलं गेलेलं नाही.

आता मी या गोष्टीत कसा आलो ते सांगतो. आमच्या सभागृहात सत्ताधारी पक्ष अध्यक्षांच्या डाव्या हाताला बसतो. इतर ठिकाणी उजव्या हाताला बसतात. पण आमच्या जुन्या इमारतीत शेगडी डावीकडे होती, आणि सत्ता हातात असताना कुडकुडत बसेल असा पक्ष या बेटावर जन्मलेला नाही. इमारत बदलली, शेगडी गेली, वाफेचे नळ आले. तरी सत्ता अजून शेगडीच्या बाजूलाच बसते.

काकांचा पक्ष आठ वर्षं विरोधात होता. त्या बाजूला बसलं की अध्यक्ष डाव्या हाताला येतात, म्हणजे काकांच्या चांगल्या कानाला. सगळं नीट चाललं होतं. मग पक्ष निवडणूक जिंकला, सगळे शेगडीच्या बाजूला जाऊन बसले, आणि अध्यक्ष काकांच्या उजव्या कानाला आले. सत्ता मिळाली आणि आमदारांना ऐकू येईनासं झालं. हे मी टोमणा म्हणून सांगत नाही. कानाच्या डॉक्टरीणबाईंच्या कागदावर तक्रारीचं कारण असंच लिहिलेलं आहे.

डॉक्टरीणबाईंनी काकांच्या कानात थंडगार लगदा ओतून साचा काढला आणि साच्यावर मला बसवलं. पहिल्यांदा चालू झालो तेव्हा खिडकीबाहेर समुद्रपक्ष्यांचा गोंगाट चालला होता.

"हे कधीपासून असे ओरडतात?" काकांनी विचारलं.

"कायमच," बाई म्हणाल्या.

"बंद कसं करायचं हे?"

बाईंनी माझ्या पाठीवरचा खटका दाखवला. खाली केला की चालू, वर केला की बंद. काकांशी माझी ओळख झाली ती अशी.

माझ्यात एक खोट आहे, ती आत्ताच कबूल करतो. साचा केसभर सैल बसला. त्यामुळे चालू करताना, स्थिरावण्याआधी, मी एक बारीक शिटी मारतो. ट्यूँ. अर्धा सेकंद, जास्त नाही. रोज सकाळी ग्रे टिकलच्या स्वयंपाकघरात हे व्हायचं. आधी खटक्याचा टक, मग माझी ट्यूँ, आणि मग चुलीजवळून ऊनाकाकूंचा आवाज: "उघडलं दुकान." मग तव्यावर पिठाचे गोळे चुरचुरायचे, काका त्यावर काकवी ओतायचे आणि म्हणायचे, "आज कमी कर गं काकवी." रोज. ओतायचे मात्र स्वतःच.

ऊनाकाकू राजधानीत कधी राहायला आल्या नाहीत. सेंट जॉन्समध्ये काका सोमवार ते गुरुवार एका खोलीत राहत आणि शुक्रवारी गावी जात. ग्रे टिकलला रस्ता नाही. डोंगर थेट समुद्रात उतरतो, घरं मधल्या फटीत. यायला-जायला फेरीबोट, आठवड्यातून तीनदा, दोन तासांची. दळण, टपाल, औषधं, बाळंतीण, शवपेटी, सगळं त्याच बोटीने. शुक्रवारी चार वाजता बोट वळणावर आली की भोंगा देते, लांबच लांब. पहिल्यांदा तो माझ्यातून ऐकला तेव्हा काका काहीच बोलले नाहीत, पण बाकीच्या आवाजांना देत तशी शिवी त्यांनी त्याला दिली नाही.

काकूंनी राजधानीत न येण्याचं कारण मी अनेकदा ऐकलंय. काकू नऊ वर्षांच्या असताना सरकारने त्यांचं पहिलं गाव उठवलं. लहान गावं परवडत नाहीत म्हणून. लोकांनी घरं सोडली नाहीत. घराखाली तेलाची रिकामी पिंपं बांधली आणि घरंच्या घरं होड्यांनी ओढत खाडीपलीकडे नेली. काकूंचं घर असंच तरंगत ग्रे टिकलला आलं. "आई माझी आतच बसून होती," काकू सांगायच्या. "म्हणाली, पडदे धुतलेत आत्ताच, मी उतरणार नाही." मग म्हणायच्या, "एका जन्मात एकदाच घर ओढतात. दुसऱ्यांदा नाही."

ते घर हेच. चूलही तीच.

आमदारकीचं काम म्हणजे काय, हे मला विचाराल तर फोन. काका फोन माझ्यावर दाबून धरायचे. कुणाला मूस, म्हणजे आमच्याकडचं घोड्याएवढं सांबर, मारायचा परवाना हवा, कुणाची पेन्शन अडली, कुणाच्या मेहुण्याला बर्फ काढायच्या गाडीवर चिकटवायचं. सभागृहात मात्र बहुतेक वेळ मी बंदच असायचो. भाषणं सुरू झाली की काकांचं बोट हळूच वर यायचं, कान खाजवल्यासारखं करायचं, टक, आणि मला विश्रांती.

मतदानाच्या वेळी तर नक्कीच. मतदानाआधी आमच्याकडे दहा मिनिटं घंटा वाजते, इमारतभर, बाहेर गेलेल्या आमदारांना गोळा करायला. ती घंटा माझ्या आत शिरली की जिन्यावरून ताटं कोसळल्यासारखं होतं. काका घंटेचा पहिला ठोका पडला की मला बंद करत, आणि पुढचं सगळं शेजारच्या फिलोमिना ब्रॉफींवर सोडून देत.

फिलोमिनाबाई पूर्वी नर्स होत्या. डावीकडच्या बाकावर बसायच्या. आमच्याकडे मत द्यायचं म्हणजे उभं राहायचं. आधी बाजूचे उभे राहतात, मग विरोधातले, आणि सचिव एकेकाचं नाव पुकारतात. आपल्या पक्षाची वेळ आली की बाई काकांच्या बरगडीत कोपर मारत. काका उठत, नाव पुकारलं जाई, काका बसत. सहा वर्षांत एकदाही चूक नाही.

"बाई, जरा हळू मारत जा," काका म्हणायचे. "बरगड्या सरकारी नाहीत माझ्या."

"हळू मारलं तर झोपाल," बाई म्हणायच्या.

सहाव्या वर्षी, हिवाळ्याच्या अखेरीला, सरकारने फेरीबोटींचं विधेयक आणलं. ज्या गावात शंभरापेक्षा कमी माणसं, त्या गावची बोट बंद. ग्रे टिकलमध्ये माणसं होती एकसष्ट. बोट गेली म्हणजे गाव गेलं, हे समजावून सांगायची कुणाला गरज नव्हती.

पक्षाचे प्रतोद गस हिस्कॉक. आमदारांनी कधी उठायचं आणि कधी बसायचं हे सांगणं त्यांचं काम. आवाज असा की मला कमी करून ऐकावा लागे. त्यांनी काकांना खोलीत बोलावलं.

"हेडली, तुझ्या गावाचं वाईट वाटतं. मनापासून."

"हो रे बाबा."

"पण पक्ष म्हणजे पक्ष. आणि मत्स्य खात्याचे मंत्री उन्हाळ्यात निवृत्त होतायत. मुख्यमंत्र्यांच्या डोक्यात तुझं नाव आहे. मासेमारी कळणारा दुसरा आहे कोण आपल्यात?"

हे खातं काकांना चौदा वर्षं हवं होतं. मला माहीत आहे, कारण दाढी करताना ते आरशासमोर शपथविधीचा सराव करायचे. दर वेळी अडखळायचे ते एकाच शब्दावर.

"म्हणजे आम्ही धरून चालू ना तुला?"

"हो रे बाबा," काका म्हणाले. तो सातवा हेल होता, ज्याचा अर्थ मलाही कधी लागला नाही.

शुक्रवारी बोटीतून उतरलो तर धक्क्यावर सेल्बी उभा. सेल्बी म्हणजे गावातला दुकानदार आणि पोस्टमास्तर. पत्रं वाटायच्या आधी बातम्या वाटतो.

"काका, शेवटच्या फेरीत मला खिडकीची जागा धरून ठेवा हं!"

"हो रे बाबा."

"आणि माझं दुकान डोक्यावर घेऊन जाऊ की पाठीवर? सरकारचा काय हुकूम?"

धक्क्यावरची माणसं हसली, पण हसू लवकर थांबलं.

रविवारी काकूंनी खारं मांस आणि कोबी उकडला होता. ताटं वाढून झाल्यावर त्या म्हणाल्या, "हेडली, मंगळवारी तू उठणार कुठल्या वेळी?"

"हो रे बाबा."

"मी 'हो' की 'नाही' विचारलं नाही. कुठल्या वेळी ते विचारलं."

काकांनी बटाटा कापला. सुरी ताटलीवर घासली. "बघू गं," ते म्हणाले.

"तू पक्षाशी लग्न केलंस की माझ्याशी, एवढं मंगळवारपर्यंत आठवून ठेव," काकू म्हणाल्या, आणि मग दोघं जेवले. मी चालू होतो. जेवणभर फक्त काटे वाजत होते.

मंगळवार उजाडला. दुपारी फिलोमिनाबाईंचा निरोप आला: महामार्गावर मूस आडवा आला, एक ट्रक उलटला, गाड्यांची रांग लागली आहे, बाई दोन तास पोचत नाहीत. गस हिशेब करून मोकळे झाले. "हरकत नाही. वीस विरुद्ध अठरा. एक बाई नसली तरी चालतंय. हेडली, तुला कोपर मारायला कुणी नाही हं आज. झोपू नकोस."

"हो रे बाबा."

घंटेचा पहिला ठोका पडला. काकांचं बोट वर आलं. टक. मी बंद.

इथे मला प्रामाणिकपणे सांगितलं पाहिजे की बंद असताना मला काहीही कळत नाही. दहा मिनिटं काकांच्या मनात काय चाललं होतं, ते मी सांगू शकत नाही. त्यांनी मला बंद केलं ते नेहमीच्या सवयीनेच केलं. मला वाटतं, त्या क्षणी ते शेगडीच्या बाजूनेच उठणार होते. माझं मत आहे, साक्ष नाही.

साक्ष पुढे सुरू होते. टक. मी चालू झालो. आणि सभागृहात शांतता असताना, घंटा थांबलेली असताना, मी वाजलो. ट्यूँ. एवढ्या शांततेत मी यापूर्वी कधी वाजलो नव्हतो. मला लाज वाटली.

काका तोंडातल्या तोंडात पुटपुटले, "एकदा ऐकू तरी दे."

अध्यक्ष म्हणाले, "विधेयकाच्या बाजूच्या सदस्यांनी उभं राहावं."

चहूबाजूंनी खुर्च्या मागे सरकल्या. आमची खुर्ची सरकली नाही. सचिव नावं पुकारू लागले. मागच्या बाकावरून गस कुजबुजले, "हेडली. ऊठ." पुन्हा नावं. "हेडली! अरे ऊठ की! हेडली!" मी हे सगळं स्वच्छ पोचवत होतो, एकेक अक्षर. काकांच्या कानशिलातली नाडी माझ्यावर आपटत होती, त्या जुन्या इंजिनासारखी. एकोणीस नावं झाली. खुर्च्या परत पुढे सरकल्या.

नुसतं बसून राहणं पुरेसं नव्हतं, हे काकांना माहीत होतं. एकोणीस विरुद्ध अठरा, म्हणजे विधेयक मंजूर, बोट बंद. झोप लागलेला माणूस इथे थांबला असता.

"विरोधातल्या सदस्यांनी उभं राहावं."

समोरच्या खुर्च्या सरकल्या. मग एक आवाज झाला तो मी जन्मात विसरणार नाही: काकांचे दोन्ही गुडघे, एकामागून एक, कट, कट. सचिवांनी अठरा नावं घेतली आणि थांबले. खूप वेळ थांबले. शेवटी घसा साफ करून म्हणाले, "श्री. डर्नफर्ड."

काका बसले. कान खाजवल्यासारखं केलं. टक.

पुन्हा चालू झालो तेव्हा गसच्या खोलीत होतो आणि एक वाक्य अर्ध्यातूनच कानावर आलं: "–गाढवा!"

"काय म्हणालास?" काकांनी विचारलं. "आत्ता चालू केलं मी."

"आत्ता?" गसचा आवाज चिरकला. "म्हणजे ते बंद होतं?"

"घंटेला बंद करतो मी. नेहमीचंच आहे. फिलोमिना नव्हती ढोसायला. सगळे उठले, बसले, मला वाटलं आता आपली पाळी."

"मी मागून हाका मारत होतो!"

"कुठल्या कानात?"

खोलीत मुख्यमंत्रीही असावेत, कारण कुणीतरी फार मोठा सुस्कारा टाकला. मग त्यांचा थकलेला आवाज आला. "मतं सारखी पडली. अध्यक्षांनी रिवाजाप्रमाणे आहे ते तसंच ठेवायच्या बाजूने मत दिलं. विधेयक पडलं, गस. आणि बहिरा आहे म्हणून मी आमदार पक्षातून काढला, तर उद्या पेपरवाले माझी सालं काढतील. जाऊ दे याला घरी."

आणि मी? मी तिथेच कानात बसून होतो. मला सगळं माहीत होतं. तोंड असतं तर सांगितलं असतं, की गुन्हा माझा नाही, मी चोख काम केलं, मी चालू होतो.

दुसऱ्या दिवसापासून माझी जी बदनामी सुरू झाली ती विचारू नका. पेपरात माझं व्यंगचित्र आलं. काका म्हणाले, नाकापेक्षा मोठं काढलंय. रेडिओवर लोक फोन करून हसत. गावोगावच्या बैठकांत कुणी चुकीच्या वेळी हात वर केला की म्हणत, "हा बघा हेडली झाला." गसने पक्षातर्फे नवीन, महागडं यंत्र देऊ केलं. काका म्हणाले, "हो रे बाबा," आणि मलाच वापरत राहिले. फिलोमिनाबाई रडल्या. "त्या मूसमुळे तुमचं खातं गेलं हो, काका." त्यावर काकांनी त्यांना एक पेपरमिंट दिली. खातं दुसऱ्याला मिळालं. त्याला मासा खायलाही आवडत नसे.

तेच विधेयक त्या अधिवेशनात परत आणता येत नव्हतं. पुढच्या अधिवेशनापर्यंत निवडणूक आली, आणि निवडणुकीत बोटीचं नाव काढायची कुणाची छाती झाली नाही. बोट चालूच राहिली.

मतदान झालं त्या आठवड्यातल्या शुक्रवारी धक्क्यावर सगळं गाव हजर होतं. कुणीतरी अकॉर्डियन वाजवत होतं. सेल्बी ओरडला, "बहिरेपणाचा विजय असो! काका, दुसराही कान घालवा, रस्तासुद्धा मिळेल!" सगळे खो खो हसले, काकाही हसले. काकूंचा आवाज मला कुठेच आला नाही.

घरी चूल धडधडत होती. काकूंनी चहा ठेवला. मग म्हणाल्या, "हेडली, एकदाच विचारते. मत देताना ते चालू होतं का?"

"बंद होतं गं," काका म्हणाले.

काकांच्या आयुष्यातलं हे पहिलं सरळ उत्तर. आणि ते खोटं होतं.

"बरं," काकू म्हणाल्या.

मला राग आला होता. परक्यांपुढे ठीक आहे. गसला कळलं असतं तर पक्षातून हकालपट्टी, आणि मग गावची नर्स, धक्का, सगळ्याला कात्री. पण बायकोशी? मी खूप विचार केला. एकसष्ट माणसांच्या गावात काकूंना सांगितलेलं सेल्बीला कळायला एक चहा पुरतो, हे एक कारण. दुसरं कारण मला नंतर सुचलं. घंटा सुरू होताना काकांनी आपलं ठरवलेलं नव्हतं, याची त्यांना लाज वाटत असावी. बायकोसमोर शूर म्हणून उभं राहण्यापेक्षा बहिरा म्हणून बसणं त्यांना सोपं गेलं. कधी मी याला भित्रेपणा म्हणतो. शुक्रवारी भोंगा ऐकला की म्हणत नाही.

काका आणखी आठ वर्षं आमदार राहिले. लोक मतं द्यायचे आणि हसायचे. मग ते निवृत्त झाले आणि कायमचे ग्रे टिकलला आले. वर्षभरातच आजारी पडले. छातीत पाणी. काकूंनी त्यांचा पलंग स्वयंपाकघरात आणला, चुलीशेजारी.

"शेगडीच्या बाजूला आलो शेवटी," काका म्हणाले. आवाज फार बारीक झाला होता.

एका गुरुवारी दुपारी काकूंनी स्वतःच्या हाताने मला त्यांच्या कानात बसवलं आणि खटका खाली केला. टक. ट्यूँ.

"उघडलं दुकान," काकू म्हणाल्या. मग जवळ आल्या. इतक्या जवळ की त्यांचा श्वास माझ्यावर आला. "हेडली, त्या मंगळवारी आम्ही सगळे सेल्बीच्या दुकानात टीव्हीवर तुमचं सभागृह बघत बसलो होतो."

काकांच्या मानेखाली उशी खसखसली.

"घंटा थांबली. सगळं गाव बडबडत होतं. मी म्हटलं, गप्प बसा रे. आणि मी ऐकलं. दुकान उघडल्याचं ऐकलं मी, हेडली. अध्यक्ष बोलायच्या आधी."

चुलीत लाकूड फुटलं.

"नऊ वर्षं बोलली नाहीस?"

"तुला बहिरं राहायचं होतं. म्हटलं, राहू दे. बोट येतेय ना."

"मी खोटं बोललो तुझ्याशी. रागावली नव्हतीस?"

"हो रे बाबा," काकू म्हणाल्या.

काकांचे अकरा हेल मी मोजले होते. हा बारावा होता, आणि तो काकांचा नव्हता. काका हसायला लागले. हसताना मान उशीत रुतली, मी दाबलो गेलो आणि शिटी मारायला लागलो, आणि त्यांनी मला थांबवलं नाही. दोघं हसत होते, मी वाजत होतो. माझ्यावरचा नऊ वर्षांचा डाग त्या दुपारी गेला. साक्षीला एकच माणूस होतं, पण पुरेसं होतं.

दुसऱ्या दिवशी, शुक्रवारी, बोट यायच्या थोडं आधी काका गेले.

आता मी खिडकीत असतो, साखरेच्या रिकाम्या डब्यात. दर शुक्रवारी चारच्या सुमाराला काकू झाकण काढतात आणि मला चालू करतात. टक, ट्यूँ. वळणावरून भोंगा येतो. काकू म्हणतात, "आली रे," आणि मला बंद करतात. बॅटरी पुरवून वापरायची म्हणून. पाकिटात दोनच उरल्या आहेत, आणि माझ्या जातीच्या बॅटऱ्या आता कुणी बनवत नाही, असं सेल्बीचं म्हणणं.

मागच्या शुक्रवारी भोंगा यायच्या आधी रेडिओ चालू होता. राजधानीत पुन्हा लहान गावांच्या बोटींची चर्चा सुरू झाली आहे म्हणे. गावात आता माणसं त्रेचाळीस. काकूंनी रेडिओ बंद केला, पण मला आधीच ऐकू आलं होतं.

माझी कुणाकडे मोठी मागणी नाही. व्यंगचित्र काढणाऱ्याने माफी मागितली नाही तरी चालेल. जे कोण सध्या शेगडीच्या बाजूला बसले असतील, त्यांना फक्त एवढंच सांगायचं आहे, आणि ते डाव्या-उजव्या कुठल्याही कानाने ऐकलं तरी हरकत नाही. विधेयक आणण्याआधी जरा थांबा. या वेळी चुकून उभं राहायला आमच्याकडे कुणी नाही.